पारख आणि निवाडा

द्राक्षारस हा शब्द उच्चारला की आमच्या धर्मग्रामांतील माणसांच्या मनात दोनच चित्रे उभी राहतात. एक वेदीवरील चषकाचे आणि दुसरे गावाच्या वेशीवरील गुत्त्याचे. पहिल्यापुढे आपण गुडघे टेकतो. दुसऱ्यावरून जाताना बायाबापड्या पदर सावरून पावले उचलतात. या दोहोंखेरीज द्राक्षारसाचे एक तिसरे जग आहे आणि त्या जगात तो पिण्याआधी पारखला जातो, हे आम्हांला वयाची पस्तिशी जवळ येईपर्यंत ठाऊक नव्हते. दारूपायी संसाराची राखरांगोळी झालेली घरे आमच्या वाचकांना परकी नाहीत, याची आम्हांला जाणीव आहे. म्हणून प्रारंभीच सांगतो, की हा लेख वाचून कुणी ग्लासाकडे हात न्यावा असा आमचा हेतू नाही. आम्हांला बोलायचे आहे ते पारखण्याविषयी. एका लाल वाइनने आम्हांला जे शिकवले, ते आम्ही माणसांच्या बाबतीत वेळेवर आठवले नाही, त्याची ही कबुली आहे.

सन २००४. रोममध्ये आमचे उच्च शिक्षण चालू होते. तेथे शिकणाऱ्या परदेशी धर्मगुरूंना सुट्टीच्या दिवसांत इटलीतील एखाद्या धर्मग्रामात मदतीला धाडतात. वृद्ध झालेले स्थानिक धर्मगुरू काही आठवडे विसावा घेतात आणि त्यांच्या वेदीवर कधी केरळचा, कधी आफ्रिकेचा, तर कधी वसईचा धर्मगुरू मिस्सा अर्पण करतो. त्या सप्टेंबरमध्ये आमची रवानगी उत्तरेकडील पिएमोंते प्रांतात झाली. आल्बा शहराच्या आसपास लांगे नावाच्या टेकड्या आहेत. टेकडीच्या माथ्यावर गाव, गावाच्या माथ्यावर चर्चचा मनोरा आणि खाली उतारावर नुकत्याच विंचरलेल्या केसांसारख्या द्राक्षवेलींच्या ओळी. पुढे २०१४ साली युनेस्कोने या भूप्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला.

याच टेकड्यांतील अकरा गावांच्या शिवारात बारोलो ही लाल वाइन होते. ती नेब्बिओलो नावाच्या एकाच द्राक्षापासून करावी लागते. इटालियन भाषेत धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात. हे द्राक्ष पिकते ऑक्टोबरात, टेकड्यांवर धुके उतरू लागते तेव्हा. म्हणून त्याला हे नाव पडले, असे तेथील लोक सांगतात. १९८० साली इटलीने या वाइनला आपल्या वर्गवारीतील सर्वोच्च दर्जा दिला. आजचा नियम असा, की सुगीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून अडतीस महिने तिला थांबवून ठेवायचे आणि त्यांपैकी किमान अठरा महिने लाकडी पिंपात ठेवायचे. तोवर ती बारोलो या नावाने बाजारात जाऊ शकत नाही. ज्या वस्तूविषयी माणसे मत देण्याआधी तीन वर्षे थांबतात, अशा वस्तू या जगात फार नाहीत.

त्या गावात रोज सकाळी पहिल्या बाकावर बसणारे एक वृद्ध बागायतदार होते. बाग लहानशी, घरच्या माणसांनी राबावी एवढी. एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी आम्हांला घराखालच्या तळघरात नेले. टेबलावर पांढरे कापड अंथरले होते. त्यावर तीन ग्लास आणि मानेपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन बाटल्या. इटलीत धर्मगुरूला ‘डॉन’ म्हणून हाक मारतात. ते म्हणाले, “डॉन, यांतली सर्वांत चांगली कोणती ते सांगा. घाई नाही.”

आम्ही मात्र घाई केली. पहिल्या ग्लासातील वाइन फिकट होती; कडेला तर ती जुन्या विटेच्या रंगाकडे झुकली होती. दुसरी जराशी तांबूस, पण तीही आरपार दिसणारी. तिसरी मात्र पिकल्या जांभळासारखी गर्द. आम्ही तिन्हींचा एकेक घोट घेतला. पहिलीने हिरड्या आवळल्या. दुसरीने तर तोंडच शिवून टाकले. तिसरी गुळमट, सहज घशाखाली उतरली. आम्ही आत्मविश्वासाने तिसरीकडे बोट दाखवले. त्यांनी सावकाश कागद सोडवले. तिसरी बाटली दुकानातली, अगदी स्वस्तातली निघाली. दुसरी त्यांच्याच बागेतली २००० सालची बारोलो होती. पहिली १९८९ सालच्या सुगीची, आणि तशा मोजून सहा बाटल्या त्यांच्याकडे उरल्या होत्या. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, “डॉन, तुम्ही डोळ्यांनी प्यालात.”

हे वाक्य आम्हांला लागले, कारण ते खरे होते. रंगावरून पारख करण्याची खोड आम्हा भारतीयांना नवी नाही. लग्नाच्या जाहिरातींत वर्णाचा उल्लेख गुणांच्या आधी येतो. तळघरात फक्त पसंतीचा रंग उलटा झाला होता. खोड तीच होती. पुढे आम्हांला कळले की या खोडीतून पंडितही सुटत नाहीत. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या चोपन्न विद्यार्थ्यांपुढे त्यांनी एक पांढरी वाइन ठेवली आणि तीच वाइन गंधहीन रंगाने लाल करून पुन्हा ठेवली. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या वाइनच्या वासाचे वर्णन करताना लाल वाइनसाठी वापरतात तेच शब्द वापरले. नाकाने डोळ्याची साक्ष ऐकली आणि आपली स्वतःची साक्ष फिरवली.

त्यानंतरचे दोन तास त्या वृद्ध गृहस्थांनी आमची शाळा घेतली. ग्लास नेहमी दांड्याला धरायचा, तळहाताची ऊब वाइनला लागता कामा नये. ग्लास तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरायचा नाही. तो पांढऱ्या कापडावर तिरपा धरून कडेचा रंग बघायचा. लाल वाइन वयाबरोबर फिकी होत जाते आणि तिच्या कडेला विटकरी छटा येते. नेब्बिओलो तर तरुणपणीही गर्द नसतो. म्हणजे रंग वयाविषयी थोडेफार सांगतो. गुणाविषयी त्याला विचारू नये.

मग वास. आधी ग्लास न हलवता घ्यायचा, नंतर तो गोल फिरवून पुन्हा घ्यायचा. पहिल्या खेपेला त्या जुन्या वाइनने जवळजवळ काहीच सांगितले नाही. हलवल्यावर मात्र तिच्यातून एक ओळखीचा वास आला आणि आम्ही चकित झालो. रोझरीच्या महिन्यात पवित्र मरियेच्या पुतळ्यापुढे ठेवलेली आणि तेथेच सुकून गेलेली गुलाबाची फुले! त्याच्या मागोमाग डांबराचा वास, पावसाळ्याआधी रस्त्यावर ओततात तशा ताज्या डांबराचा. गुलाब आणि डांबर हीच बारोलोची जुनी ओळख आहे, असे त्यांनी सांगितले. एकाच ग्लासात हे दोन वास सुखाने नांदत होते. एखाद्या माणसाविषयी आपण असे दोन वास एका वेळी कबूल करतो काय? आपल्याला तो एक तर गुलाब हवा असतो, नाही तर डांबर.

शेवटी चव. छोटा घोट तोंडात घोळवायचा, ओठांतून किंचित हवा आत ओढायची आणि लक्ष द्यायचे. तोंडाला पाणी सुटले तर ते आंबटपणामुळे. हिरड्या आणि जीभ कोरडी पडली तर ते द्राक्षाच्या सालीतील व बियांतील टॅनिनमुळे. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या पूर्वजांनी षड्रसांत तुरट रसाला मानाचे स्थान दिले आहे. जांभूळ, आवळा, हिरडा यांनी आपली जीभ लहानपणीच तयार केलेली असते. इतके झाल्यावर घोट थुंकून टाकायचा आणि चव तोंडात किती वेळ रेंगाळते ते पाहायचे. होय, थुंकून टाकायचा. जो पारखायला बसतो, तो प्यायला बसलेला नसतो. ज्याला वाइनपासून सुख हवे आहे आणि ज्याला तिच्याविषयीचे सत्य हवे आहे, ती दोन माणसे एका वेळी एका खुर्चीवर बसू शकत नाहीत.

दुसऱ्या बाटलीने, म्हणजे त्या तरुण बारोलोने, आमचे तोंड शिवून टाकले होते. तिच्याविषयी त्यांनी जे सांगितले ते आम्ही विसरलो नाही. नेब्बिओलोत टॅनिन भरपूर असते. तरुण वयात ते दात-हिरड्यांवर धावून येते. पण त्याच्याच आधाराने ती वाइन वर्षानुवर्षे टिकते, आणि काळाच्या ओघात तो कठोरपणा मवाळ होतो. आमच्या वसईत राजेळी केळ्याचे असेच नाही का? कच्चे असताना ते तोंडात धरवत नाही. तेच पिकवून, सोलून, उन्हात वाळवले की त्याची सुकेळी होते आणि पाहुण्यापुढे ठेवली जाते. कच्च्या केळ्याला तुरट म्हणणारा खोटे बोलत नाही. तो फक्त वेळेआधी बोलतो.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच आठवड्यात उघडलेली एक बाटली त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवली होती. तिला पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांसारखा कुबट वास येत होता. आम्ही नाक मुरडून म्हणालो, “ही वाइन वाईट आहे.” ते म्हणाले, “नाही डॉन, बूच वाईट आहे.” बुचाच्या सालीत कधी कधी ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचे एक रसायन तयार होते. एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढे जरी ते उतरले, तरी सारी बाटली नासल्यासारखी लागते. त्याच पिंपातली, त्याच दिवशी भरलेली शेजारची बाटली उत्तम असू शकते. आम्ही त्या बुचाकडे बराच वेळ पाहत राहिलो. बालपणी ज्याच्या तोंडावर असे बूच बसले, अशी कितीतरी माणसे प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आमच्यासमोर गुडघे टेकून गेली होती.

निघताना त्यांनी आपली वही दाखवली. प्रत्येक वाइनविषयी तारीख घालून दोन-तीन ओळी, आणि त्यांखाली सोडलेली कोरी जागा. आम्ही विचारले, ही जागा कशासाठी? ते म्हणाले, “पुन्हा चाखल्यावर लिहायला. वाइन बदलते. जीभही बदलते.” या दुसऱ्या वाक्याचा पुरावाही पुढे वाचनात आला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या राज्यमेळ्यात वाइनची मोठी स्पर्धा भरते. रॉबर्ट हॉजसन या गृहस्थांनी तेथील परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन, न सांगता, तीन वेळा चाखायला दिली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिन्ही वेळा जवळपास सारखाच निकाल देणारे परीक्षक दहांत एकच निघाले. एकाच परीक्षकाने एकाच वाइनला कधी पदकाच्या योग्यतेची ठरवले, तर कधी नाही. हे लोक लबाड नव्हते, कसलेले होते. तरीही, शितावरून भाताची परीक्षा करताना शिताप्रमाणेच आपल्या जिभेचीही परीक्षा होत असते, हे ते विसरले होते.

येथे वाचक विचारील, की मग पारखच सोडून द्यावी काय? कुणी कुणाला बरे-वाईट म्हणूच नये काय? असे म्हणणारे भाविक आम्हांला पुष्कळ भेटतात. दुसऱ्याचा न्याय करू नका, ही प्रभूची ताकीद ते तत्परतेने पुढे करतात, विशेषतः त्यांच्याविषयी कुणी विचारपूस करू लागले की. याला उत्तर त्याच पिएमोंते प्रांतात आहे. १९८६ साली तेथून निघालेल्या काही स्वस्त वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण वाढवण्यासाठी मिथेनॉल मिसळल्याचे उघडकीस आले. वीसच्या आसपास माणसे दगावली, कित्येकांची दृष्टी गेली. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक गरिबांचे प्राण घेतले, तेव्हाही मारेकरी हेच मिथेनॉल होते. जिभेला या विषाचा पत्ता लागत नाही. ते ओळखायला प्रयोगशाळा लागते आणि ज्याला संशय आहे त्याने तोंड उघडावे लागते. ज्यांना ठाऊक होते आणि जे गप्प राहिले, त्यांच्या मौनाला सौजन्य म्हणता येणार नाही. पारख टाळणे हा काही वेळा गुन्हा असतो.

तेव्हा प्रश्न पारखावे की न पारखावे असा नाही. कशी पारख करावी, कुणासाठी करावी आणि तिचा निवाडा कधी करावा, हा खरा प्रश्न आहे. सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथातील न्यायविषयक प्रकरण आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या तळघरातून परतल्यावर ते पुन्हा उघडले. संत थॉमस सांगतात की निवाडा तीन कारणांनी सदोष ठरतो. तो न्यायबुद्धीने केलेला नसला तर. तो करण्याचा आपल्याला अधिकार नसला तर. आणि पुरेशी खात्री नसताना, केवळ संशयावरून केला तर. पुढे ते एक फार सूक्ष्म भेद करतात. वस्तूविषयी निवाडा करणे वेगळे आणि माणसाविषयी निवाडा करणे वेगळे. वस्तूविषयी आपण चुकलो तर वस्तूचे काही बिघडत नाही. माणसाविषयी चुकलो तर त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून जेथे शंका आहे, तेथे माणसाविषयी चांगलाच अर्थ घ्यावा. वाईट माणसाला अनेकदा चांगले समजून फसणे हे चांगल्या माणसाला एकदा वाईट समजण्यापेक्षा बरे, अशा आशयाचे त्यांचे मत आहे.

हा भेद वाचून आमच्या मनात जे आले, ते येथे सरळ मांडतो. त्या १९८९ सालच्या बाटलीला आम्ही गर्द नाही म्हणून नाकारले. तिला त्याचे काय सोयरसुतक? ती जशी होती तशीच राहिली. आणि तरीही जगभरची माणसे वाइनसाठी केवढी काळजी घेतात! तिचे नाव-गाव कागदाने झाकतात, म्हणजे मोठ्या घराण्याचा दबाव नको. तिला उजेडात पाहतात. तिला श्वास घ्यायला वेळ देतात. बुचाचा दोष तिच्या माथी मारत नाहीत. मत लिहून झाल्यावरही खाली जागा कोरी सोडतात. जिला आपल्या निवाड्याने काडीचीही इजा होत नाही, तिच्या वाट्याला ही सगळी काळजी. आणि ज्याला आपल्या एका शब्दाने आयुष्यभराची इजा होऊ शकते, तो शेजारी मात्र आपण आडनावावरून, गल्लीवरून, बापाच्या कीर्तीवरून मोकळा करून टाकतो.

आता कबुली. रोमहून परतल्यावर काही वर्षांनी आम्ही एका धर्मग्रामात होतो. दुसऱ्या गावचे एक गृहस्थ मुलीसाठी स्थळ पाहत आमच्याकडे आले. आपल्याकडे ही रीतच आहे. मुलाची चौकशी करायची तर शेजाऱ्यापेक्षा धर्मगुरूचा शब्द वजनदार. त्यांनी एका तरुणाचे नाव घेतले. त्याच्या वडिलांचे पिणे साऱ्या गावाला माहीत होते. आम्ही स्वतः त्यांना दोनदा रस्त्याच्या कडेला पडलेले पाहिले होते. मुलगा रविवारच्या मिस्सेला येई, पण सगळ्यांत मागच्या बाकावर बसे, आणि पुष्कळदा मिस्सा संपण्याआधीच निघून जाई. आमच्या मनात त्याचे मोजमाप केव्हाच झालेले होते. आम्ही म्हणालो, “मुलगा बरा आहे, पण घर जरा पाहून घ्या.” त्या वाक्यात ‘पण’ एकच होता. तेवढा पुरला. ते गृहस्थ पुन्हा त्या गावात आले नाहीत.

दोनेक वर्षांनी एका रात्री त्या घरून बोलावणे आले. वडील शेवटच्या घटका मोजत होते. रुग्णाभ्यंगासाठी आम्ही आत गेलो. घर लहान, पण लख्ख. म्हाताऱ्याचे अंग पुसलेले, कपडे धुतलेले, उशाशी जपमाळ. मुलगा पायांशी बसून तळवे चोळत होता. प्रार्थना झाल्यावर शेजारची एक आजी आम्हांला ओट्यापर्यंत सोडायला आली आणि तिने जे सांगितले ते आम्ही अंधारात उभे राहून ऐकले. सतराव्या वर्षी पोराने नोकरी धरली. दोन बहिणी शिकवल्या. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. बापाला रोज रात्री गुत्त्यावरून खांद्याचा आधार देऊन घरी आणायचा. “रविवारी मिस्सेला मागं बसतो ना फादर, ते त्यासाठीच. बाप कुठं पडला म्हणून कुणी सांगत आलं, तर पटकन उठून जाता यावं.”

वर्षानुवर्षे आम्ही वेदीवरून तो मागचा बाक पाहत होतो. त्याला उजेडात कधी पाहिले नव्हते. संत थॉमस यांच्या कसोट्या आम्ही मनाशी लावून पाहिल्या. अधिकार होता, कारण आम्हांला विचारले गेले होते. दुष्टबुद्धी नव्हती. बोललेला शब्द खोटाही नव्हता. खात्री तेवढी नव्हती, आणि खात्री करून घेण्यासाठी पाच मिनिटांचा रस्ता चालायचा होता. अंत्यविधी आटोपल्यावर काही दिवसांनी आम्ही त्याला बोलावून घडलेले सांगितले आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, “फादर, ते आम्हांला तेव्हाच कळलं होतं.” थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “तुम्ही खोटं काही बोलला नव्हता. फक्त मला एकदा विचारलं असतं, तर बरं झालं असतं.”

या प्रसंगानंतर बारोलोचे नाव आमच्या मनात वेगळ्याच व्यक्तीशी जोडले गेले आहे. ज्या घराण्याच्या नावाशी या वाइनचा इतिहास निगडित आहे, त्या फाल्लेत्ती दी बारोलो घराण्याची शेवटची मार्केझा म्हणजे जुलिया कोल्बेर. तिचा जन्म फ्रान्सचा, मृत्यू १८६४ साली तोरीनो शहरात. संपत्तीला सीमा नव्हती. तिने आपले आयुष्य घालवले ते तोरीनोच्या तुरुंगांतील बायकांमध्ये. ज्यांच्यावर समाजाने कायमचा शिक्का मारला होता, त्यांना ती लिहायला-वाचायला शिकवी. सुटून आलेल्यांसाठी तिने निवारा उघडला. दहा वर्षे कैदेत काढून आलेल्या सिल्व्हिओ पेल्लिको या लेखकाला तिने आपल्या घरी काम दिले. आपणा सर्वांना प्रिय असलेले संत जॉन बॉस्को हेदेखील १८४४ पासून तिच्या संस्थेत धर्मगुरू म्हणून सेवा करीत होते. आणि गंमत पाहा, त्यांच्या रस्त्यावरच्या पोरांचे मोल मात्र तिला तितकेसे उमगले नाही. माझे काम किंवा तुमची पोरे, यांपैकी एक निवडा, असे तिने त्यांना सांगितले. त्यांनी पोरे निवडली. तुरुंगातल्या बायकांना शिक्क्यावाचून पाहू शकणाऱ्या डोळ्यांनाही आपल्याच अंगणात एक गोष्ट दिसली नाही. ख्रिस्तसभेने तिला ‘वंदनीय’ म्हणून गौरवले आहे, आणि ते योग्यच आहे. चुकली म्हणून तिची पुण्याई उणी होत नाही. आम्हांला मात्र तिच्या चुकीने धीर येतो आणि धाकही बसतो.

काना गावच्या लग्नाची गोष्ट आम्ही शेकडो वेळा वेदीवरून वाचली असेल. तिच्यातील भोजनप्रमुखाकडे आमचे लक्ष त्या तळघरानंतरच गेले. त्याला तो द्राक्षारस कोठून आला हे ठाऊक नव्हते. चाकरांना ठाऊक होते. म्हणजे त्याच्यापुढे आलेला पेला नाव-गाव झाकलेलाच होता. चांगला द्राक्षारस आधी वाढायचा आणि हलका नंतर, ही जगाची रीत त्याला पाठ होती. त्या रीतीप्रमाणे उशिरा आलेला पेला हलकाच असणार, असे त्याने गृहीत धरले असते तर कुणी दोष दिला नसता. पण त्याने चाखले. जे चाखले तेच सांगितले, आणि ते ज्याला सांगायला हवे होते त्या वरालाच बोलावून सांगितले. चमत्कार त्याला कळला नाही. तरीही त्याच्या हातून सत्याची साक्ष घडली, ती केवळ प्रामाणिकपणे चव घेतल्यामुळे.

आजही आमच्याकडे स्थळांच्या चौकशीला माणसे येतात. आम्ही गप्प बसत नाही. ते भेकडपणाचे होईल. जे ठाऊक आहे ते सांगतो, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगतो, आणि पुष्कळदा “दोन दिवसांनी या” म्हणतो. त्या दोन दिवसांत त्या घरी जाऊन चहा घेतो. घरभेटीची आमची एक जुनी वही आहे. त्या तरुणाच्या घराच्या पानावर फार पूर्वी आम्ही एकच शब्द लिहिला होता, ‘दारू’. तो शब्द आम्ही खोडलेला नाही; लिहिणारे आम्हीच होतो हे दिसत राहावे म्हणून. त्याखाली नंतरची तारीख घालून मुलाविषयी चार ओळी लिहिल्या, आणि पानाचा उरलेला भाग कोरा ठेवला.